गोवर-रुबेला मोहिमेचा आराखडा: मुलांच्या मोजणीपासून मॉप-अपपर्यंत

तालुक्यांचे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांचे मायक्रोप्लॅन, म्हणजे मोहिमेचे तपशीलवार आराखडे, तपासताना एक चूक मला पुन्हा पुन्हा दिसते. लस किती, सिरिंज किती, गाड्या किती, हा हिशोब पक्का असतो. मुलांचा आकडा मात्र लोकसंख्येच्या टक्केवारीवरून काढून पहिल्या पानावर टाकलेला असतो आणि पुढची सगळी पानं त्या एका आकड्यावर उभी असतात. मोहीम संपते, टक्केवारी १०४ येते, सगळे सुटकेचा श्वास टाकतात. मग कधीतरी त्याच तालुक्यातल्या एखाद्या वस्तीत ताप-पुरळाची लागण होते आणि कळतं की त्या वस्तीत कुणी गेलंच नव्हतं.

ज्यांना हा आराखडा स्वतः बसून लिहायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे: वैद्यकीय अधिकारी, आरोग्य सहाय्यक, सोबत काम करणाऱ्या संस्थांचे कार्यकर्ते. उदाहरणं महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झालेल्या मोहिमेच्या धर्तीची आहेत. तेव्हा ९ महिने ते १५ वर्षांखालच्या सगळ्या मुलांना एक डोस द्यायचा होता आणि राज्याचं लक्ष्य तीन कोटींच्या वर होतं. नवीन मोहीम असो, उद्रेकानंतरची जादा फेरी असो किंवा दुसऱ्या एखाद्या विकसनशील देशातलं काम असो, कामाचा क्रम हाच राहतो.

सुरुवातीआधी: रुबेलात अर्धवट काम का चालत नाही

लहान मुलाला रुबेला झाला तर थोडा ताप, थोडं पुरळ, कानामागे गाठी, आणि तीन-चार दिवसांत मूल खेळायला लागतं. खरा धोका गरोदर बाईला आहे. पहिल्या तीन महिन्यांत लागण झाली तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयाचा दोष, डोकं लहान राहणं यांपैकी काहीही होऊ शकतं, आणि अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत ही शक्यता ९० टक्क्यांपर्यंत जाते.

आता यातली मेख समजून घ्या. निम्म्याच मुलांना लस दिली तर विषाणूचं फिरणं मंदावतं, पण थांबत नाही. पूर्वी ज्या मुलीला सहाव्या वर्षी रुबेला होऊन गेला असता, तिला तो आता विसाव्या वर्षी गाठतो, म्हणजे नेमका लग्नानंतर. ग्रीसमध्ये असंच झालं. तिथे १९७० च्या दशकात लहान मुलांना लस द्यायला सुरुवात झाली, पण १९८० च्या दशकभर प्रमाण निम्म्याच्याही खाली राहिलं. १९९३ ला साथ आली तेव्हा मोठ्या वयाच्या मुली आणि तरुण बायका सापडल्या आणि जन्मजात रुबेलाची २५ बाळं नोंदली गेली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ च्या भूमिकापत्रात किमान ८० टक्के मुलांपर्यंत एक डोस पोचवण्याची अट घातली, ती याच भीतीने. माझं सांगणं असं की हा आकडा तालुक्याच्या सरासरीला लावूच नका, एकेका वस्तीला लावा. सरासरी ९२ असते आणि एका तांड्यावर ती ३० असते. मुली लग्न करून सरासरीत जात नाहीत, कुठल्यातरी वस्तीतच जातात.

टप्पा १: मोहिमेच्या पलीकडचं आधी ठरवा

मोहीम पाच आठवड्यांत संपते. त्यानंतर जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाला ९ ते १२ महिन्यांत पहिला आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरा डोस नियमित सत्रातच मिळायला हवा. तो मिळणार नसेल तर मोहिमेने फक्त चार-पाच वर्षांची उसंत मिळते आणि न टोचलेली मुलं साचत जातात.

म्हणून आराखड्याचं पहिलं पान नियमित लसीकरणाचं ठेवा. प्रत्येक उपकेंद्राची गेल्या बारा महिन्यांची ठरलेली सत्रं आणि प्रत्यक्ष झालेली सत्रं शेजारी शेजारी लिहा. आरोग्यसेविकेची जागा कुठे रिकामी आहे, कुठलं गाव जोड-सत्रावर ढकललं आहे, हे तिथेच दिसतं.

तपासा: पहिला डोस घेतलेल्या किती मुलांनी दुसरा घेतला? दोन आकड्यांतला फरक दहा टक्क्यांहून जास्त असेल त्या उपकेंद्राभोवती लाल पेनाने गोल करा. मोहिमेतही मुलं तिथेच सुटणार आहेत.

टप्पा २: तारीख

शाळा सुरू असायला हवी, परीक्षा नको, मोठा सण नको, शेताच्या कामाची गर्दी नको. महाराष्ट्रात दिवाळीच्या सुट्टीनंतरचे आठवडे शाळांसाठी सोयीचे. पण नेमक्या त्याच दिवसांत ऊसतोड सुरू झालेली असते आणि बीड, पाथर्डीकडची हजारो कुटुंबं कोल्हापूर, सांगली, सोलापूरच्या फडांत पोचलेली असतात. तारीख बदलता येत नसेल तर निदान ही हालचाल आराखड्यात लिहा. मुलं ज्या गावातून गेली तिथे ती वजा व्हायला हवीत आणि जिथे आली तिथे मिळवायला हवीत. बहुतेक आराखड्यांत ती दोन्हीकडे नसतात.

साधारण मांडणी अशी: पहिले दोन आठवडे शाळा, पुढचे दोन गाव-वस्त्या आणि अंगणवाड्या, शेवटचा मॉप-अप, म्हणजे राहिलेल्या मुलांची फेरी. नियमित लसीकरणाचा दिवस मोहिमेसाठी मोडू नका.

टप्पा ३: मुलं मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. मोहिमेआधी किमान सहा आठवडे.

टक्केवारी फक्त ताळा करायला वापरा. देशभरच्या मोहिमेचं लक्ष्य साधारण ४१ कोटी मुलांचं होतं, म्हणजे लोकसंख्येच्या तीस टक्क्यांच्या आसपास. महाराष्ट्रात थोडं कमी धरावं लागतं. ३०,००० लोकसंख्येच्या केंद्रात २८ टक्क्यांनी ८,४०० मुलं येतात. तुमची मोजणी ६,००० वर थांबली तर काहीतरी राहिलं आहे, आणि ११,००० झाली तर मुलं दोनदा धरली गेली आहेत.

मोजणीसाठी तीन याद्या वेगवेगळ्या करा:

१. शाळेचा पट. सरकारी, खासगी, इंग्रजी माध्यम, उर्दू शाळा, मदरसे, आश्रमशाळा, वसतिगृहं, सगळं धरून. पट आणि रोजची हजेरी दोन्ही लिहून घ्या, कारण पटावर नाव असलेलं मूल शाळेत येतंच असं नाही.

२. आशाताई आणि अंगणवाडी सेविकेची घरोघरची यादी. त्यात ९ महिने ते १५ वर्षांखालची, शाळेत न जाणारी सगळी मुलं. “शाळेत न जाणारी” हे शब्द यादीच्या मथळ्यात छापा. बारा-तेरा वर्षांची, शाळा सोडून गॅरेजात किंवा हॉटेलात कामाला लागलेली मुलं ना अंगणवाडीच्या यादीत असतात, ना शाळेच्या.

३. कुणाच्याच हद्दीत नसलेल्या जागा: वीटभट्ट्या, बांधकामाच्या साइट, दगडखाणी, धनगरांचे वाडे, पालं, स्टेशनजवळची झोपडपट्टी, नवी बिगरपरवाना वस्ती, कारखान्याच्या तळावरच्या कोप्या (ऊसतोड कामगारांच्या झोपड्या).

तिसरी यादी फोनवरून होत नाही. एका साखर कारखान्याच्या तळावर आम्ही सकाळी अकराला गेलो तेव्हा सत्तरेक कोप्यांत मिळून नऊ-दहा मुलं दिसली आणि तेवढीच लिहून आलो. सोबतच्या आरोग्यसेविकेला ते पटलं नव्हतं. तिने संध्याकाळी पुन्हा जायचा हट्ट धरला. दिवे लागायच्या वेळी बैलगाड्या परतल्या, चुली पेटल्या, आणि प्रत्येक कोपीतून मुलं बाहेर यायला लागली. मोठी मुलं आईबापांबरोबर फडात वाढं बांधायला जात होती आणि तान्ह्यांना फडाच्या बांधावर झोळीत नेलं जात होतं. त्या संध्याकाळी ऐंशीच्या वर मुलं निघाली. सत्रही मग संध्याकाळी साडेसहाला, कंदील आणि गाडीच्या दिव्यांच्या उजेडात ठेवावं लागलं.

अशा तळांवर मुकादमाला विचारा: किती कोयते आहेत? एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. त्यावरून मुलांचा अंदाज येतो आणि टोळी पुढच्या फडात कधी हलणार तेही कळतं.

सावधान: नकाशा हाताने काढा, आणि शेजारच्या उपकेंद्राचा नकाशा त्याला टेबलावर जोडून पाहा. दोन नकाशांच्या मध्ये राहणारी पट्टी, ओढ्यापलीकडची वस्ती, हायवेपलीकडची चार घरं, ही कुणाचीच नसतात. शहरात दोन वॉर्डांच्या सीमेवर हेच होतं.

तपासा: आराखड्यातली कुठलीही पाच नावं निवडा आणि ती मुलं प्रत्यक्ष शोधा. मग कुठलीही पाच घरं निवडा आणि तिथली मुलं यादीत आहेत का पाहा. दुसरी तपासणी जास्त बोलकी असते.

टप्पा ४: लस आणि सामान

वरच्याच केंद्राचा हिशोब. ८,४०० मुलं, वाया जाणारी लस धरून १.१ ने गुणलं की ९,२४० डोस. व्हायल (लसीची कुपी) दहा डोसांची, म्हणून ९२४ व्हायल. तितकेच डायल्युएंटचे, म्हणजे कोरडी लस विरघळवायच्या पाण्याचे, ॲम्प्यूल. तितक्याच ५ मिलीच्या मिसळण्याच्या सिरिंज. ०.५ मिलीच्या एडी सिरिंज (एकदा वापरली की आपोआप निकामी होणाऱ्या) ९,२४०.

इथे एकच चूक जिवावर बेतते: मिसळण्याच्या सिरिंज कमी मागवणं. त्या संपल्या की कुणीतरी एकच सिरिंज दिवसभर वापरतं. व्हायल जितक्या, सिरिंज तितक्या; यात तडजोड नाही.

मनुष्यबळ: एका लसटोचकाने दिवसाला दीडशेच्या वर मुलं घेऊ नयेत असं मी धरतो. ८,४०० भागिले १५० म्हणजे ५६ टीम-दिवस. चार टीम असतील तर १४ दिवस. विखुरलेल्या पाड्यांवर हा आकडा निम्मा धरा, चालण्यातच वेळ जातो.

आयएलआरमध्ये (लस ठेवायच्या खास फ्रिजमध्ये) एवढी लस एकदम मावत नाही, दोन-तीन खेपांत मागवा. तापमान २ ते ८ अंश, नोंद दिवसातून दोनदा, सुट्टीच्या दिवशीही. वीज गेली तर लस कुठे हलवायची ते ठिकाण आणि चावी कुणाकडे आहे ते कागदावर हवं.

सावधान: गोवर-रुबेलाची कोरडी पावडर गोठली तरी बिघडत नाही, पण डायल्युएंटचा ॲम्प्यूल गोठला की तडकतो. डायल्युएंट कधीही डीप फ्रीजरमध्ये ठेवू नका. सत्राच्या आदल्या दिवशी मात्र ते आयएलआरमध्ये ठेवाच, म्हणजे मिसळताना लस आणि डायल्युएंट दोन्ही सारख्याच थंड असतील. कोमट पाणी ओतलं तर जिवंत विषाणू तिथेच मरतो आणि मुलाला सुई टोचली जाते ती फुकट.

टप्पा ५: शाळा आणि संमती

शाळेला पत्र पाठवणं म्हणजे तयारी नव्हे. मुख्याध्यापकांना भेटा, पालकसभा घ्या, आणि सभेला वैद्यकीय अधिकाऱ्याने स्वतः जावं. २०१७ च्या फेब्रुवारीत तमिळनाडूत व्हॉट्सॲपवर अफवा फिरल्या, पालक बिथरले आणि मोहिमेची मुदत वाढवावी लागली. २०१९ च्या जानेवारीत दिल्लीत मोहीम सुरू व्हायच्या तोंडावर पालकांच्या संमतीचा मुद्दा उच्च न्यायालयात गेला आणि शाळांमधली मोहीम थांबली. दोन्ही ठिकाणी लस तीच होती. पालकांशी बोलणं कमी पडलं.

पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. उत्तरं सगळ्या टीमची एकच असावीत:

“मुलग्यांना कशाला? गरोदर तर मुली राहतात.” मुलगा विषाणू घरी आणतो आणि घरात आई, काकू, वहिनी असते. फक्त मुलींना लस देऊन विषाणूचं फिरणं थांबत नाही.

“आमच्या डॉक्टरांनी आधीच एमएमआर दिली आहे.” एमएमआर म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाची लस. ती दिली असली तरी मोहिमेचा डोस द्यायचा. आधीच्या डोसाला चार आठवडे झाले असले म्हणजे पुरे. जास्तीच्या डोसाने अपाय होत नाही.

“ही मुलं न होण्याची लस आहे का?” हा प्रश्न विचारणाऱ्यावर चिडू नका. ज्या बाईंनी त्या मोहल्ल्यात बाळंतपणं केली आहेत, त्यांना सोबत न्या आणि त्यांना बोलू द्या. मौलानासाहेब, सरपंच, स्थानिक खासगी बालरोगतज्ज्ञ यांच्याकडे मोहिमेच्या महिनाभर आधी जा. लोक डॉक्टरला घरी जाऊन विचारतात, “देऊ का हो?” आणि तो नुसता खांदे उडवत असेल तर तुमचं पोस्टर वाया गेलं.

तपासा: सत्राच्या दोन दिवस आधी वर्गवार किती पालकांनी नकार दिला, ते शाळेकडून घ्या. एकाच वर्गात नकार दाटले असतील तर तिथे एखादा मेसेज फिरतो आहे. त्याच दिवशी जा.

टप्पा ६: प्रशिक्षण, आणि त्यातही डायल्युएंट

प्रशिक्षणात पॉवरपॉइंट अर्धा तास पुरे. बाकीचा वेळ हातात व्हायल आणि सिरिंज देऊन सराव. कारण मोहिमांमध्ये मुलं दगावली आहेत ती बहुतेक मिसळण्याच्या चुकीने.

सीरियात, इदलिब भागात, २०१४ च्या सप्टेंबरमध्ये गोवराच्या मोहिमेत डायल्युएंटऐवजी भूल देताना स्नायू सैल करण्यासाठी वापरतात ते औषध मिसळलं गेलं आणि १५ मुलं गेली. सामोआत २०१८ च्या जुलैमध्ये अशाच गोंधळात दोन बाळं गेली. तिथे लोकांचा लसीवरचा विश्वासच उडाला आणि पुढच्या वर्षी गोवराच्या साथीत ८० हून अधिक जण मेले. दक्षिण सुदानमध्ये २०१७ च्या मे महिन्यात एकच मिसळण्याची सिरिंज चार दिवस वापरली गेली, लस थंड ठेवली गेली नाही, आणि १५ मुलं दगावली.

म्हणून क्रम असा, आणि तो पाठ हवा:

१. व्हायल उचला. वापराची शेवटची तारीख पाहा. व्हीव्हीएममधला (व्हायलवरच्या, उष्णतेने रंग बदलणाऱ्या खुणेतला) आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिकट असायला हवा. रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला तर व्हायल बाजूला.

२. डायल्युएंटचं लेबल मोठ्याने वाचा. शेजारच्याने ऐकून “हो” म्हणायचं. लसीसोबत आलेलं, त्याच उत्पादकाचं डायल्युएंट, दुसरं काहीही नाही.

३. नवी ५ मिलीची सिरिंज फोडा, पूर्ण डायल्युएंट ओढा, हळू सोडा, व्हायल तळहातांमध्ये फिरवा. जोरात हलवू नका.

४. मिसळल्याची वेळ व्हायलवर पेनाने लिहा.

५. व्हायल आईसपॅकच्या खाचेत ठेवा, उन्हापासून आणि ट्यूबलाइटपासून दूर.

६. चार तास झाले की उरलेली लस टाकून द्या. सत्र आधी संपलं तर तेव्हाच. या लसीला उघडी व्हायल उद्या वापरायची मुभा नाही.

सावधान: आठ मुलं आली म्हणून व्हायल फोडायला कचरू नका. “दोन डोस वाया जातील” या धास्तीने मुलाला घरी पाठवलं तर ते परत येत नाही. आणि उलट टोक: सकाळीच पाच व्हायल एकदम मिसळून ठेवू नका. एक संपत आली की दुसरी.

सावधान: ज्या फ्रिजमध्ये लस आहे त्यात दुसरं कुठलंही औषध नको. इन्सुलिन नको, भुलीचं औषध तर अजिबात नको. शाळेच्या, दुकानाच्या किंवा कुणाच्या घरच्या फ्रिजमध्ये रात्रभर लस ठेवायची नाही.

टप्पा ७: सत्राचा दिवस

शाळेत तीन खोल्या मागा: थांबायची, टोचायची, टोचल्यावर अर्धा तास बसायची. वाट पाहणाऱ्या मुलांना टोचणं दिसता कामा नये.

मुलं खाऊन आलेली हवीत. सकाळच्या शाळेत उपाशी पोटी टोचाल तर मुलं चक्कर येऊन पडणारच. गरज पडली तर मधल्या सुट्टीनंतर सुरू करा, खिचडी आधी वाढा. लहान वर्ग आधी घ्यावेत असं मला वाटतं, कारण पहिलीतलं पोर दोन मिनिटं रडून मोकळं होतं आणि आठवीची मुलं सकाळभर एकमेकांना घाबरवत बसतात. पण काही मुख्याध्यापकांना मोठी मुलं आधी सोयीची वाटतात. तिथे अडून बसू नका.

डोस ०.५ मिली, उजव्या दंडावर, कातडीखाली. मग डाव्या अंगठ्याच्या नखावर मार्करची खूण, टॅली शीटवर रेघ, मुलाच्या हातात कार्ड. हा क्रम बदलला की घोळ होतो: खूण आधी केलेलं मूल रांगेतून पळतं आणि टोचलेलं म्हणून मोजलं जातं.

लस कुणाला नाही? खूप ताप किंवा दवाखान्यात दाखल असलेलं मूल, आधीच्या डोसानंतर गंभीर ॲलर्जी झालेलं, प्रतिकारशक्ती खूप खालावलेलं किंवा स्टिरॉइडचे मोठे डोस चालू असलेलं, आणि गरोदर मुलगी. सर्दी, खोकला, जुलाब, कुपोषण ही कारणं नाहीत. कुपोषित मुलाला तर लस आधी हवी, गोवर त्यालाच जास्त मारतो.

मोठ्या मुलींना पाळी चुकली आहे का, हे एकटीला, बाई कर्मचाऱ्याने, हळू आवाजात विचारायचं. चुकून गरोदरपणात लस दिली गेलीच तर ते गर्भपाताचं कारण नाही. तिला नीट सांगा आणि पाठपुरावा ठेवा.

सुई परत टोपणात घालायची नाही. तिथेच हब कटरने कापायची.

टप्पा ८: काही झालं तर

प्रत्येक टीमकडे ॲनाफायलॅक्सिस (जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी) किट. ॲड्रेनलिनची वापराची तारीख मोहिमेच्या शेवटच्या दिवसापुढची आहे ना, हे पाहा. वयानुसार डोसाचा तक्ता झाकणाच्या आतून चिकटवा. त्या क्षणी कुणाला आठवत नाही.

चक्कर आणि ॲनाफायलॅक्सिस यांतला फरक टीमला तोंडपाठ हवा. चक्कर टोचताना किंवा लगेच येते, मूल पांढरं पडतं, नाडी संथ असते, आडवं केलं की सावरतं. ॲनाफायलॅक्सिसमध्ये अंगावर गांध्या उठतात, ओठ-डोळे सुजतात, श्वासाला घरघर लागते, नाडी जलद आणि क्षीण होते. तिथे थांबायचं नाही: ॲड्रेनलिन मांडीत, स्नायूत, लगेच. फोन नंतर.

मोठ्या वर्गांत एक मुलगी चक्कर येऊन पडली की पाठोपाठ चार पडतात. पहिलीला उचलून पडद्याआड न्या, पाय उंच करून झोपवा, कुणीतरी शांतपणे शेजारी बसा. सायरन वाजवत रुग्णवाहिका मैदानात आणली की दहा मिनिटांत पालक फाटकावर येतात. पण “नाटक करते” असंही कुणी म्हणायचं नाही. तिचा त्रास खरा असतो, फक्त लसीतल्या औषधाचा नसतो.

पत्रकारांशी कोण बोलणार ते एकच नाव आधी ठरवा. घटना झाली तर त्याच दिवशी, माहीत आहे तेवढं सांगा. गप्प बसलेलं केंद्र लोकांना गुन्हेगार वाटतं.

टप्पा ९: रोजची संध्याकाळ आणि मॉप-अप

रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं पुरे: आज यादीतली किती होती, किती टोचली, राहिलेल्यांची नावं. नुसता आकडा घेऊ नका, नावं घ्या.

गावाचं सत्र झालं की पडताळणी अशी करा: सत्राच्या जागेपासून सगळ्यात लांबच्या टोकाला जा आणि घरोघर फिरून वयात बसणारी २० मुलं पाहा. दोन किंवा जास्त न टोचलेली निघाली तर त्या भागात पुन्हा सत्र. नखाची खूण काही दिवसांत पुसट होते, म्हणून कार्डही मागा आणि आईला विचारा. शाळेजवळची वीस मुलं पाहून शेरा लिहिणाऱ्या पर्यवेक्षकाला परत पाठवा.

प्रत्येक न टोचलेल्या मुलापुढे कारण लिहा: माहीत नव्हतं, आजारी होतं, गावी गेलं होतं, नकार, टीम आलीच नाही. “टीम आलीच नाही” आणि “माहीत नव्हतं” ही आपली चूक आहे, तिथे फक्त सत्र हवं. “नकार” असेल तिथे सत्र वाढवून उपयोग नाही, माणूस बदलून पाठवा.

तपासा: टक्केवारी शंभराच्या वर गेली तर आनंद नको. एकतर मोजणी कमी होती किंवा शेजारच्या हद्दीतली मुलं आली. तोच आराखडा पुन्हा काढा आणि टप्पा ३ मधल्या तिसऱ्या यादीपासून तपासा. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर उसळला, तो अशाच दाट आणि हलत्या वस्त्यांत.

टप्पा १०: मोहीम संपल्याच्या आठवड्यात

उरलेली लस मोजून परत, टॅली शीट गठ्ठे बांधून केंद्रात. हे पटकन उरकतं.

दोन कामं मात्र मागे पडतात. पहिलं, ताप-पुरळाच्या प्रत्येक मुलाची नोंद आणि रक्ताचा नमुना सुरू ठेवणं. लस झाली म्हणून हे थांबवलं तर मोहीम फळली की नाही, हे कळायचा रस्ताच बंद होतो. जवळच्या नेत्रतज्ज्ञांना आणि बालहृदयतज्ज्ञांनाही सांगून ठेवा: तान्ह्या बाळाला मोतीबिंदू किंवा जन्मजात हृदयदोष दिसला की रुबेलाची तपासणी करा आणि आम्हाला कळवा.

दुसरं, राहिलेल्या मुलांची नावं. पाच वर्षांखालची नियमित सत्राच्या ड्यू लिस्टमध्ये (लस द्यायची असलेल्या मुलांच्या यादीत) जातील, पुढच्या सत्राच्या तारखेसह. मोठ्यांचं काय, ते तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या, नाहीतर ती नावं फायलीत झोपतात. कोप्यांवरून सुटलेल्या मुलांचं मूळ गाव, तालुका आणि मुकादमाचा फोन लिहून त्या गावच्या केंद्राला यादी पाठवा आणि फोन करून पोचल्याची खात्री करा. हंगाम संपून ट्रक गावात परततील त्या दिवशी ती यादी तिथल्या आशाताईंच्या पिशवीत असायला हवी.